लाइन चालू ठेवा

५ नोव्हेंबर, मंगळवार

घंटी येऊन गेली. माप घ्यायची टेप पर्समध्ये घालूनच आली होती. म्हणे पडद्यांचं बघून येऊ. घर अजून आपलं नाही, सह्या व्हायच्यात, आणि या बाईसाहेब पडद्यांपर्यंत पोचल्यासुद्धा. म्हटलं, "अगं, आधी कागद तर होऊ देत." तर म्हणाली, "हेडबाई, जन्मभर लोकांना 'लाइन व्यस्त आहे' सांगत आलीस. आता तरी जरा चांगलं बोल."

मला हेडबाई म्हणणारी आता जगात ही एकच उरली. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये आम्ही दोघी एका बोर्डावर. लोकांनी परगावचा नंबर सांगायचा, आम्ही वायर खोचून जोडून द्यायचा. पुढे मी मुलींच्या मागे फेऱ्या मारणारी हेड झाले आणि ही, आवाज खणखणीत म्हणून, घंटी. एक्स्चेंज बंद पडलं, बोर्ड भंगारात गेले, बाकीच्या पांगल्या. मी लग्न केलं नाही. हिनं केलं, नवरा गेला, आता मुलाकडे असते. असते म्हणजे हॉलमधल्या सोफ्यावर असते. मुलाचा टीव्ही बंद झाल्याशिवाय आडवं होता येत नाही आणि सुनेला चहा प्यायला बसायचं असतं म्हणून सकाळी अंथरूण गुंडाळून तयार. वाईट नाहीत ती दोघं. घरच एवढंसं आहे.

आज बागेपलीकडच्या त्या तळमजल्यावर गेलो. दोन खोल्या, मध्ये स्वयंपाकघर. मागच्या खोलीचं दार घंटीनं चार वेळा लावून उघडून पाहिलं. "एवढंच हवंय गं मला. लावलं की लागणारं दार," म्हणाली आणि डोळे पुसले, वर मलाच म्हणते, "धूळ आहे फार."

घराचे तिच्या वाट्याचे निम्मे पैसे माझ्या खात्यात आहेत. स्वतःच्या खात्यात ठेवले असते तर मुलाला कळलं असतं आणि "आई, नुसते पडूनच आहेत ना," सुरू झालं असतं. सही पंचवीस तारखेला. मुलाला ती त्याच दिवशी सांगणार आहे. सगळं आयुष्यभराचं आम्ही दोघींनी त्या दोन खोल्यांवर लावलंय. छातीत धडधडतं, पण चांगलं धडधडतं.

ती गेल्यावर कप लगेच विसळले नाहीत. टेबलावर दोन कप बरे दिसतात.

८ नोव्हेंबर, शुक्रवार

झालं ते जसंच्या तसं लिहून ठेवते.

सकाळी फोन आला. कुरिअरच्या ऑफिसातून. माझ्या नावानं परदेशी निघालेलं पार्सल पकडलंय, आत खोटी ओळखपत्रं. म्हटलं, "बाबा रे, मी कुणाला पार्सल पाठवणार? मला पाठवायला माणूस तर हवं." तो म्हणाला, मग तुमच्या नावाचा गैरवापर झालाय, चौकशी अधिकाऱ्यांना जोडून देतो.

मी काही खुळी नाही. असल्या भामट्यांच्या बातम्या वाचलेल्या आहेत. म्हणून मी कान लावला. जन्मभर तेच केलंय. भामटा घरून बोलतो, मागे कुकर वाजतो, कुत्रं भुंकतं. इथे तसं काही नव्हतं. जोडताना स्वच्छ टक् झालं. मागे मोठा हॉल, खुर्च्यांची चाकं, पुष्कळ जण एकाच वेळी दबक्या आवाजात बोलतायत, एक मुलगी नंबर दोन-दोन आकड्यांत परत वाचून घेतेय, अगदी आम्ही शिकवायचो तसा. आणि त्या सगळ्यामागे कुणाचे तरी बूट, सावकाश जाणारे, मध्येच थांबणारे, परत चालणारे. त्या फेऱ्या मी मारल्या आहेत. असं सोंग घरबसल्या करता येत नाही. खरं ऑफिस होतं ते.

साहेबांचा आवाज जड, घाई नसलेला. म्हणाले, एका टोळीनं माझं खातं वापरलंय. खात्यात आणखी कुणाचे पैसे आहेत का? मी खोटं बोलू शकले नाही, घंटीचं सांगितलं. ते म्हणाले, "मग त्यांचंही नाव घालावं लागेल. त्यांच्या घरी माणूस जाईल." मुलासमोर, सुनेसमोर, त्या सोफ्यावर बसवून तिला विचारणार की हे पैसे कुठून आणले आणि का लपवले! मी हात जोडले. फोनवर कुणाला दिसतायत हात, तरी जोडले. म्हटलं, तिला यात आणू नका, काय विचारायचं ते मला विचारा.

"मग सहकार्य करा. कुणाशीही बोलायचं नाही. चौकशी संपेपर्यंत लाइन चालू ठेवा."

त्यांना व्हिडिओवर लक्ष ठेवायचं होतं, पण माझ्या फोनचा कॅमेरा फुटलेला आहे, म्हणून आवाजावर भागवू म्हणाले. उपकारच.

९ नोव्हेंबर, शनिवार

फोन साखरेच्या डब्याला टेकवून ठेवलाय, चार्जरची वायर लावलेली. लाइन चालू. पलीकडे माझ्यावर लक्ष ठेवायला एक मुलगी बसवली आहे. अंघोळीला जाताना सांगून जायचं, आल्यावर सांगायचं. लाज वाटली. पण बोर्डावर आम्हालाही जागचं उठताना हात वर करावा लागायचा, तसंच धरायचं.

ती विचारते, "काय खरखरतंय?" म्हटलं, "लिहितेय. घरखर्च." ही वही मी त्यांना दाखवणार नाही.

घंटीचे दोन फोन येऊन गेले. मध्येच टूं टूं वाजतं तेव्हा कळतं. उचलता येत नाही. पडद्याचं कापड बघायला जायचं ठरलं होतं आज. थांब गं बाई थोडी, तुझ्यासाठीच चाललंय.

पोरीचा आवाज काही ठीक नाही. घशातून बोलते, वाक्याचं शेपूट गिळते. दिवसभर ऐकवत नव्हतं.

११ नोव्हेंबर, सोमवार

शेवटी राहवलं नाही. बोललेच. "बाळ, राग मानू नकोस, पण तू असं बोललीस तर संध्याकाळपर्यंत घसा बसेल. पोटातून बोल. आणि बोलताना तोंड जरा हसरं ठेव, समोरच्याला ऐकू येतं ते."

मला वाटलं, आता ही साहेबांना सांगते. तर म्हणाली, "असं?" आणि तेच वाक्य परत म्हणून दाखवलं. लगेच फरक! हुशार आहे. मग काय, माझी गाडी सुटली. सांगितलं की घाबरलेला माणूस लाइनवर आला की त्याला आधी प्रश्न विचारायचा नाही. त्याला म्हणायचं, आधी घोटभर पाणी प्या, मी थांबते, कुठे जात नाही. पाणी पिताना माणूस श्वास घेतो. मग त्याचं नाव घ्यायचं. मग कामाचं. अपघाताचे, मयताचे, कसकसले कॉल आम्ही असेच निभावले. मी विचारलं, "हे लिहून घेतेस का?" तर खरंच लिहून घेत होती. की-बोर्डची टकटक ऐकू आली.

इतक्या वर्षांत कुणी माझं म्हणणं लिहून घेतलं नव्हतं.

१२ नोव्हेंबर, मंगळवार

आज पोरीनं विचारलं, "आजी, जेवलात का?" मॅडमवरून आजीवर आली. भात आणि दोडक्याची भाजी केली होती, तसं सांगितलं. तिला दोडका आवडत नाही. म्हटलं, कोवळा घ्यायचा, शिरा खरवडून काढायच्या. ती म्हणाली, इथे डब्यात येतं ते खावं लागतं, बाहेर सोडत नाहीत. सरकारी काम म्हणजे शिस्त आलीच. पण मुलींना दुपारी जरा मोकळं सोडावं. मी सोडायची. साहेबांशी बोलताना हा विषय काढावा का? नको, पोरीवरच यायचं.

घंटीचे फोन येतायत. आज मोजले नाहीत.

खरं लिहायचं तर ही वही आहे म्हणून लिहिते. भीती आहेच. पण सकाळी उठल्या उठल्या "उठलात का?" असं कुणीतरी विचारतं आणि मला "उठले" म्हणायला मिळतं. चौकशी संपली की हे थांबेल. थांबायलाच हवं. घंटी येईल ना मग, ती काय कमी बोलते?

१३ नोव्हेंबर, बुधवार

आज एक विचित्र झालं.

दुपारी पलीकडचे बूट लांब गेले तशी पोरगी एकदम हळू आवाजात म्हणाली, "आजी, तुम्ही फोन बंद का नाही करत? करून टाका ना बंद. आणि परत उचलू नका."

मी चाटच पडले. मग लक्षात आलं, परीक्षा घेतायत. मी सहकार्य करते की नाही ते बघायला साहेबांनी तिला सांगितलं असणार. आणि परीक्षा नसली तरी माझं उत्तर तेच होतं. मी सांगितलं, "बाळ, ऑपरेटर कधी आपण होऊन लाइन तोडत नाही. समोरच्यानं ठेवल्याशिवाय आपण ठेवायचं नाही. माझ्या हाताखाली एका मुलीनं तोडली होती, तिला मी दिवसभर बोर्डावर बसू दिलं नव्हतं. तूही हे लक्षात ठेव."

ती म्हणाली, "आजी, ऐका हो माझं." मी म्हटलं, "ऐकतेय की. ऐकायचंच काम केलं जन्मभर."

बूट परत आले. ती गप्प. थोड्या वेळानं तिच्या जागी एक मुलगा बसला. पोरगी कुठे विचारलं तर म्हणे ड्यूटी बदलली. माझ्यामुळे ओरडा बसला असेल का तिला? जीवाला चुटपुट लागून राहिलीय.

संध्याकाळी साहेब बोलले. चौकशी माझ्या बाजूनं निघतेय म्हणाले! फक्त पैसे तपासायचे राहिलेत. त्यांच्या तपासणीच्या खात्यात सगळी रक्कम पाठवायची, पैसे बिनधोक निघाले की दोन दिवसांत परत. घंटीचं नाव कुठेही येणार नाही. जीव भांड्यात पडला.

१४ नोव्हेंबर, गुरुवार

बँकेत जाऊन आले. फोन पर्समध्ये, लाइन चालू. मुदत ठेव मोडली. काउंटरवरच्या बाईनं चष्म्यावरून बघितलं. "एवढी रक्कम? कुणाला पाठवताय, काकू? हल्ली फसवतात हो फार." साहेबांनी काय सांगायचं ते पढवून ठेवलं होतं. मी म्हटलं, "घर घेतेय. मी आणि माझी मैत्रीण."

बाईचं तोंड एकदम फुललं. "अरे वा! अभिनंदन, काकू. मलाही असंच करायचंय म्हातारपणी." आणि शिक्का मारला.

खोटं कुठे बोलले मी? घर घेतोच आहोत आम्ही.

१६ नोव्हेंबर, शनिवार

सकाळी फोन बघितला तर लाइन तुटलेली. माझ्याकडून नाही तुटली, वायर नीट लागलेली होती. त्यांच्याकडे काहीतरी बिघाड असेल. आमच्याकडेही एखादी केबल गेली की अख्खा बोर्ड मुका व्हायचा.

बाहेर पडले नाही, न जाणो फोन यायचा. अंघोळीला जाताना "जाऊन येते" म्हणाले. मग लक्षात आलं, कुणाला म्हणतेय?

१८ नोव्हेंबर, सोमवार

सांगितलेले दोन दिवस कधीच उलटले. पैसे नाहीत.

मी होऊन नंबर लावला. "आपण डायल केलेला क्रमांक अस्तित्वात नाही." परत लावला. परत तेच. मग लावतच राहिले, वेड लागल्यासारखी.

मला कळलं. खरं तर शनिवारीच कळलं होतं.

घंटीला काय सांगू?

१९ नोव्हेंबर, मंगळवार

फसवणुकीच्या तक्रारी घेणारं पोलिसांचं ऑफिस पहिल्या मजल्यावर आहे. बाकावर गर्दी. मला वाटत होतं मी एकटीच गाढव. तिथे रांग होती.

तक्रार घेणारा हवालदार चांगला होता बिचारा. मी त्याला आवाजांचं सांगितलं, खुर्च्या, बूट, मागचा हॉल. म्हटलं, "मी ऑपरेटर होते हो, मला ऐकून कळतं." तो लिहायचा थांबला. म्हणाला, "बरोबरच ऐकलंत, आजी. मोठा हॉल असतो. पन्नास-पन्नास पोरं बसतात, हेडफोन, मागे सुपरवायझर. पुष्कळांना नोकरी देतो म्हणून नेलेलं असतं आणि मग सोडत नाहीत. पळायला बघितलं तर मारतात."

म्हणजे माझे कान चुकले नव्हते. एक्स्चेंजच होतं ते.

आणि ती पोरगी परीक्षा घेत नव्हती. बूट लांब गेले तेवढ्यात तिनं जीव मुठीत धरून मला सांगितलं आणि मी तिला बोर्डाची शिस्त शिकवत बसले. अगं बाई, काय केलं असेल त्यांनी तिचं? हवालदाराला विचारलं, तिला शोधता येईल का. तो म्हणाला, नाव काय? मी तिचं नावसुद्धा विचारलं नव्हतं. रोज दोडकी आणि घसा. नाव नाही विचारलं.

पैशांचं तो म्हणाला, आशा धरू नका. फार उशीर झाला.

माझ्यानंतर एक म्हातारे गृहस्थ होते, सुतारकाम करायचे म्हणे. त्यांचा कालच गेला पैसा. त्यांना बसवत नव्हतं, तरी सांगत होते, "माणूस फार गोड बोलायचा हो. मी घाबरलो तर म्हणाला, आधी घोटभर पाणी प्या, मी थांबतो, कुठे जात नाही. मग माझं नाव घेऊन बोलला. माझ्या मुलानं कधी असं नाही विचारलं."

माझे शब्द. जसेच्या तसे, कुणा पुरुषाच्या तोंडी. पोरीनं लिहून घेतले आणि तिथल्या सगळ्यांना वाटले गेले. मी तिथून उठले आणि जिन्यातल्या कठड्याला धरून उभी राहिले. त्या गृहस्थांना काही सांगायची माझी हिंमत झाली नाही.

२२ नोव्हेंबर, शुक्रवार

घंटीचा फोन उचलला. न उचलून कुठवर जाणार? खूप झापेल असं वाटलं होतं. तर ही, "जिवंत आहेस का गं? बरं ऐक, निळं कापड मिळालं, बारीक पट्ट्यांचं. तुझ्या खोलीला घेऊ का?"

मी म्हटलं, "घंटे."

"काय गं? आवाज का बसलाय?"

"सर्दी."

"मग गरम पाणी पी आणि पड गुपचूप. सोमवारी सहीला नाक गळायला नको." हसली आणि ठेवला.

बोलता आलं नाही. हजारो लोकांच्या वाईट बातम्या या कानांतून त्या कानांत मी पोचवल्या, आणि ही एक माझ्याच तोंडून निघेना. घराच्या मालकाला मात्र कळवलं, आमचं जमत नाही. तो म्हणाला, बरं झालं वेळेत सांगितलंत, दुसरं गिऱ्हाईक आहेच.

२५ नोव्हेंबर, सोमवार

सांगितलं.

सकाळीच तिच्या घरी गेले. सुनेनं दार उघडलं. हॉलमध्ये मुलगा त्याच सोफ्यावर बसून मोजे घालत होता, टीव्ही चालू, नातवंडाचं दप्तर मध्ये पडलेलं. घंटी इस्त्रीचे कपडे घालून, केस नीट बांधून, स्टुलावर. मला बघून तिचे डोळे चमकले. मुलाला अजून सांगितलं नव्हतं हे मला दिसलं. सहीला निघताना सांगणार होती.

त्या घरात दोन माणसांना बोलायला जागा नाही. "जिन्यात ये जरा," म्हटलं.

जिन्यात उभं राहून सगळं सांगितलं. पार्सल, साहेब, पोरगी, बँक. शेजारच्या दारातून कुणीतरी कचऱ्याची पिशवी ठेवायला बाहेर आलं तेव्हा आम्ही दोघींनी हसून मान हलवली. मग तिनं विचारलं, "माझेसुद्धा?"

"हो. तुझेसुद्धा."

"मी रोज फोन लावत होते."

"कळत होतं मला. मध्ये वाजायचं."

"तुझी लाइन सारखी व्यस्त. मला वाटलं, हिला बोलायला कुणीतरी भेटलंय, म्हणून आलेही नाही." ती भिंतीकडे बघत बोलत होती. "बरं वाटलं होतं मला तुझ्यासाठी."

मी म्हटलं, "तुला वाचवायला केलं गं. तुझं नाव घालणार म्हणाले."

"मला विचारायचंस. एकदा विचारायचंस फक्त. मी म्हटलं असतं, घालू देत नाव."

तेवढ्यात दार उघडून मुलगा डोकावला. "आई, कुठे बाहेर निघाली आहेस का?"

"नाही रे," घंटी म्हणाली. "कुठे नाही." आणि आत गेली.

२८ नोव्हेंबर, गुरुवार

फोन उचलत नाही. लावून बघते, वाजून वाजून बंद होतो.

जेवले नाही असं नाही. जेवले. उभ्यानंच, ओट्यापाशी.

३० नोव्हेंबर, शनिवार

तिच्या सुनेचा फोन आला होता. कधी नव्हे तो. सगळं कळलंय घरी. हवालदारानं खातरजमेसाठी घंटीला फोन केला, तो मुलानं उचलला. सून म्हणाली, "आम्ही काय खायला घालत नव्हतो का, म्हणून लपून घर घेत होत्या?" मग तीच रडली. म्हणाली, "दिवसभर काम करतात आणि हसतात. आम्ही काही बोललो तरी हसतात. मला भीती वाटते हो बघून."

मी त्या मुलीला दोष देणार नाही. तिलाही कुठे आहे तिथे जागा.

२ डिसेंबर, सोमवार

रविवारभर खोली आवरली. माझ्या घरात खोली म्हणजे एकच, बाकी स्वयंपाकघर. कपाट रिकामं केलं. माझे कपडे दोन पिशव्यांत मावले. माझी खाट हलेना, म्हणून समोरच्या शिंप्याला बोलावलं. त्यानं विचारलं, "पाहुणे येणार का, काकू?" म्हटलं, "माहीत नाही." तो गोंधळला, पण खाट ओढली. मग ती स्वयंपाकघरात मावेना, तेव्हा जिथली तिथे ठेवली. मी गादी ओट्याखाली घालीन. गुडघे कुरकुरतील, कुरकुरू देत.

संध्याकाळी घंटीला मेसेज केला. चार वेळा खोडून लिहिला. शेवटी एवढाच पाठवला: "खोली रिकामी केली आहे. तुझ्यासाठी. बोलली नाहीस तरी चालेल. ये."

निळ्या खुणा आल्या, म्हणजे वाचला. उत्तर नाही.

६ डिसेंबर, शुक्रवार

काही नाही. पोलिसांकडूनही नाही, तिच्याकडूनही नाही.

अनोळखी नंबरावरून एक फोन आला होता. उचलला, कारण वाटलं ती पोरगी असेल. बँकेचं कार्ड विकणारी कुणीतरी होती. बिचारीला मी विचारलं, "तुला बाहेर सोडतात ना गं?" तिनं घाईघाईनं फोन ठेवला.

८ डिसेंबर, रविवार

घंटी आली.

दुपारी बेल वाजली, दारात ती आणि रिक्षावाला. एक सुटकेस, एक अंथरुणाची वळकटी. मुलगा सोडायला आला नव्हता. ती आत आली, चपला काढल्या, माझ्याकडे न बघता खोलीत गेली, सुटकेस कपाटात रिकामी केली. मी दारात घुटमळत होते तर म्हणाली, "टॉवेल कुठे वाळत घालायचा?" मी दाखवलं. तेवढंच.

जेवायला बसलो. मी भात जास्त वाढला, तिनं निम्मा परत काढून ठेवला. चमच्यांचे आवाज नुसते. ही बाई बोर्डावर असताना तिच्या बडबडीपायी मी तिची तीनदा तक्रार लिहिली होती, आणि आज ती पाणीसुद्धा हातानं खूण करून मागत होती. शेवटी मला सहन झालं नाही. मी विचारलं, "राग गेला का गं?"

"नाही." ताटाकडे बघत म्हणाली. "मुळीच नाही. कदाचित जाणारही नाही, आत्ताच सांगून ठेवते. तू माझं घर घालवलंस, हेडबाई."

मी मान हलवली.

"मग का आलीस?" हे मी विचारायला नको होतं, पण तोंडातून निघून गेलं.

तिनं ताट सारलं. मग म्हणाली, "तिकडे रागवायलाही जागा नव्हती. उठल्यापासून झोपेपर्यंत कुणी ना कुणी समोर. तोंड हसरं ठेवून ठेवून गाल दुखायला लागले माझे. तुझ्यावर नीट रागवायचं तर इथेच यायला हवं होतं."

उठली, आपलं ताट आपण विसळलं, खोलीत गेली आणि दार लावून घेतलं.

मी टेबलापाशी बसून राहिले. थोड्या वेळानं आत रडू फुटलं. आधी दाबलेलं, मग मोकळं, मोठ्यानं. माझे कान अजून तिखट आहेत, दाराआडचं मला शब्द न् शब्द ऐकू येतं. मी उठले, नळ मोठा सोडला, आणि धुतलेली भांडी परत धुवायला घेतली.